बाबांकडचा मोठा ब्लॉक

थोडक्यात निरोप द्यावा तर तो मीच. ऑफिसच्या टपाल विभागात बारा वर्षं काढलीत. लोक ज्याला पानभर लिहितात ते मी एका ओळीत बसवते. त्या मंगळवारी बाबांच्या स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं, तेव्हाही घरच्या ग्रुपवर मी तेवढंच टाकलं : ‘बाबांकडे मोठा ब्लॉक आहे. माणूस बोलावलाय. अकराला काढणार.’ आणि फोन पर्समध्ये टाकून रजा घेऊन बाबांकडे गेले.

ग्रुपवर आम्ही तिघंच. मी, दादा आणि आत्या.

साडेदहाला आत्या फुरंगटून दारात हजर.

“एवढा मोठा ब्लॉक घेतलास कधी, आणि विकायला काढलास कधी? सख्ख्या बहिणीला पत्ता नाही?”

बाबांच्या हातात घाण पाण्याची बादली होती. “कसला ब्लॉक?” म्हणत ते ती ओतायला मागच्या अंगणात गेले. मी आत्याला समजावायला बसले. तिला आपल्या भावाकडे दुसरं घर नाही हे पटायला बराच वेळ लागला.

तेवढ्यात दादा आला. दोन तास गाडी हाणत, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. बाबांनी आपल्याकडे राहायला यावं म्हणून तो आठ महिन्यांपूर्वी भांडून गेला होता, तेव्हापासून या घरात पाऊल नव्हतं. मी बाहेर येईपर्यंत तो स्वयंपाकघराच्या दाराशी पोचला होता. आतून रबरी हातमोजे घातलेला प्लंबर बाहेर येत होता.

“किती आहे हो ब्लॉक?” दादाने विचारलं.

“शंभर टक्के,” प्लंबर म्हणाला. “वय झालंय ना. आतून कधी कोणी बघितलंच नाही. सळई घालून बघतो, नाहीतर कापावं लागेल.”

दादा मटकन खाली बसला. “माझं रक्त घ्या,” म्हणाला, “आमचा गट एकच आहे.”

प्लंबरने माझ्याकडे पाहिलं. मी सिंककडे बोट दाखवलं. एवढ्यात बाबा रिकामी बादली घेऊन आत आले आणि दादा उठून त्यांना बिलगला. बादलीसकट. बाबा अवघडून उभे राहिले. मग त्यांनी बादली खाली ठेवली.

“एवढी काळजी होती तर एक फोन नाही करवला?”

“दर रविवारी करतो, बाबा. तुमचा फोन कायम बिझी. वाटलं, तुम्हीच कट करताय.”

“मी? मी तर रविवारी फोन उशाशी घेऊनच बसतो.”

प्लंबरने हातमोजे काढले, हात पुसले आणि बाबांचा फोन मागून घेतला. “काका, यांचा नंबर कुठला? शेवटी सत्तेचाळीस? हा तर ब्लॉक केलेला आहे.”

बाबांना मुलांचे नंबर तोंडपाठ, म्हणून ते नावाने साठवत नाहीत. आणि कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणणाऱ्या फोनांना ते वैतागले, तेव्हा स्वतःचा तेवढा वगळून बिननावाचे सगळे नंबर एका बैठकीत ब्लॉक करून देणारी व्यक्ती त्या क्षणी फ्रिजच्या आड सरकली होती.

“काढू का?” प्लंबरने विचारलं.

“काढ, काढ.”

दादाने तिथूनच फोन लावला. हातभर अंतरावर बाबांचा वाजला. त्यांनी तो कानाला लावला, घसा साफ केला.

“हॅलो. कसा आहेस?”

“बरा आहे. तुम्ही?”

दोघांपैकी कोणी ठेवेना. आत्या पदराने डोळे टिपत होती. चूक कबूल करायला मी तोंड उघडलं होतं, पण फोनवर असलेल्या माणसांच्या मध्ये बोलू नये. मी फडकं घेतलं आणि खाली बसून सांडलेलं पाणी पुसायला लागले. अजून सांगितलेलं नाही.