वयाने मोठा तो सभापती

सकाळी डॉक्टर आजोबांना आजींच्या खोलीच्या दाराबाहेर नेऊन म्हणाले, "आता बरं व्हायचं दुखणं राहिलं नाही हे. जवळ बसा, एवढंच." पण नेमका त्याच दिवशी संसदेच्या वरच्या सभागृहाला नवा सभापती निवडायचा होता. तो निवडला जाईपर्यंत सर्वांत वयस्कर सभासदाने खुर्चीत बसायचे, अशी तिथली रीत. आजोबांहून वयस्कर सभासद होते ते एकेक करून गेले होते; आता खुर्ची आजोबांकडे आली होती.

"तासाभरात येतो," आजोबा बायकोला म्हणाले.

"तुमचा तास मला ठाऊक आहे," आजी उशीवरून म्हणाल्या.

खुर्चीतल्या वयस्कराला फक्त मते मोजून घ्यायचा अधिकार. उठायचा नाही, सभा तहकूब करायचाही नाही. दोन्ही पक्ष अगदी तोलामोलाचे. मते समसमान पडली तर उमेदवारांतला वयाने मोठा तो सभापती, असा नियम. म्हणून मतदानाआधीच एका पक्षाने आपला तरुण वकील मागे घेऊन टकला कारखानदार पुढे केला. दुसऱ्याने लगेच काठी टेकणारे प्राध्यापक आणले. मग पहिल्यांनी एका सभासदाला चाकांच्या खुर्चीतून ढकलत आणले.

"मी करायचं काय?" चाकांच्या खुर्चीतल्यांनी विचारले.

"काही नाही हो. मतं मोजेपर्यंत टिकायचं."

तेवढ्यात दुसऱ्या पक्षाचा उमेदवार ऑक्सिजनच्या नळकांड्यासकट आला.

आजोबांचा फोन थरथरला. मुलगी होती. "बाबा, आई सारखी दाराकडं बघतेय."

"काय करू गं? यांचे म्हातारे संपतच नाहीयेत."

अखेर दोन्ही नेत्यांची नजर एकदमच आजोबांवर गेली.

"यांच्याहून मोठं कोणीच नाही. कुठल्या पक्षाचेही नाहीत."

"आणि फार दिवस काढायचेही नाहीत. मग बघू पुन्हा."

म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही असे धरूनच ते बोलत होते. आजोबा "अहो, मला घरी..." म्हणेपर्यंत सगळे हात वर झाले होते.

"अभिनंदन, सभापती महोदय!" सचिव वाकून म्हणाला. "आता सभागृह तुमच्या हातात."

"आता तहकूब करता येतं?"

"आता येतं."

आजोबांनी घंटा वाजवली. "सभा तहकूब."

"कधीपर्यंत, महोदय?"

आजोबा वाकून खुर्चीखाली चपला चाचपडत होते. "हिला बरं वाटेपर्यंत," ते म्हणाले.

सचिवाने ते शब्दाला शब्द लिहून घेतले.

"असेल साधा ताप," एक नेता दुसऱ्याला म्हणाला. "दोन दिवसांनी काय बिघडतंय?"