तीस अक्षरांचं विद्यापीठ

“बाई, विद्यापीठगीतातलं जुनं नाव काढायचं आणि तिथे नवं घालायचं. सदऱ्याचं बटण बदलण्याइतकं सोपं काम आहे,” कुलसचिव म्हणाले.

गाणेबाईंनी हातातला कागद पुन्हा वाचला. विद्यापीठाच्या संगीत विभागात त्या एकट्याच शिक्षिका, आणि साथीला एक पेटीवाले मास्तर. बाईंचं खरं नाव लोक कधीच विसरले होते. पण आता विद्यापीठाचंच नाव विसरायची पाळी आली होती. नव्या कायद्याने सगळ्या सरकारी विद्यापीठांची नावं बदलली होती आणि कालपर्यंतचं ‘राज्य विद्यापीठ’ आज ‘उपयोजित विज्ञान, तंत्रकौशल्य व सर्वसमावेशक लोकविकास विद्यापीठ’ झालं होतं.

“सर, सहा अक्षरांच्या जागी तीस? काजातून कलिंगड कसं काढू?”

“ते तुम्ही बघा. शुक्रवारी नामांतराच्या समारंभाला खुद्द शिक्षणमंत्री येतायत.” कुलसचिवांनी आवाज खाली आणला. “आणि कायद्याने नुसतं नाव नाही बदललंय, कामही बदललंय. यापुढे विद्यापीठात उपयोगाचं तेवढंच शिकवायचं. ज्या विभागाचा उपयोग दिसणार नाही, त्याला टाळं. गाण्याचा उपयोग काय, असं मंत्र्यांनी विचारलं तर मी काय सांगू?”

बाईंची मुलगी अजून शाळेत होती आणि नवऱ्याचं दुकान नावापुरतंच उघडत होतं. गाण्याचा उपयोग काय, हे घरी कुणी विचारलं असतं तर त्यांनी लाटणं दाखवलं असतं. इथे तशी सोय नव्हती.

पहिल्याच तालमीत ‘सर्वसमावेशक’पर्यंत येता येता निम्म्या पोरांचा दम उखडला. एक गुटगुटीत विद्यार्थी ‘लोक’ म्हणून मटकन खाली बसला. ‘विकास’ काही त्याच्याच्याने झाला नाही. बाईंनी डोकं चालवलं. अर्धं नाव मुलींनी म्हणायचं, अर्धं मुलांनी. तेवढ्यात कुलसचिव दारात उभे.

“नाव तोडायचं नाही हं बाई! कायद्यात स्पष्ट लिहिलंय, अखंड उच्चारायचं.”

मग बाईंनी पोरांना दम वाढवायला जिने चढायला लावले, श्वास कोंडून उभं केलं, आणि स्वतःही गॅसपाशी उभ्या राहून नाव घोकलं. नवरा म्हणाला, “अगं, लग्नात माझं नाव घेताना एवढी तयारी नव्हती केलीस!” पण शुक्रवार उजाडेपर्यंत पोरं एका दमात तीसच्या तीस अक्षरं पार करू लागली. बाईंच्या जिवात जीव आला.

पण तो जीव पडदा उघडायच्या वेळेपर्यंतच टिकला. मुलं दोन रांगांत उभी होती, मास्तर पेटीवर बोटं ठेवून तयार होते, आणि विंगेतून कुलसचिव धापा टाकत आले.

“बाई, घात झाला! काल विधानसभेत दुरुस्ती झाली म्हणे. आता ‘लोकविकास’ आधी आणि ‘तंत्रकौशल्य’ नंतर!”

“अहो, पण पडदा वर चाललाय!”

“मग लवकर सांगा ना पोरांना!”

बाईंनी पुढच्या रांगेच्या कानात घाईघाईने नवा क्रम ओतला. मागची रांग तेव्हा कपडे नीटनेटके करत होती. तिला काही म्हणता काही ऐकू गेलं नाही.

सुरुवात सुरेख झाली. मग नावाची ओळ आली. पुढची रांग ‘लोकविकास’ म्हणाली, मागची ‘तंत्रकौशल्य’, आणि सभागृहात ‘लोककौशल्य’पासून ‘तंत्रविकास’पर्यंत वाटेल ते ऐकू येऊ लागलं. आपलंच चुकलं असं वाटून पुढच्या रांगेने जुना क्रम धरला. त्याच वेळी मागच्या रांगेलाही आपलंच चुकलं असं वाटलं आणि तिने नवा धरला. मास्तर सरळमार्गी माणूस. ओळ पुरी होत नाही म्हणून ते पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर येत राहिले.

“मास्तर, पुढे चला!” बाई दात आवळून पुटपुटल्या.

“कुठे पुढे? नाव कुठे पुरं झालंय?”

तिसऱ्या फेरीला कुणाच्या पुण्याईने कोण जाणे, दोन्ही रांगा नव्या क्रमावर आल्या, ‘विद्यापीठ’वर एकत्र आदळल्या आणि थांबल्या. पुढचं कडवं म्हणायला कुणाच्याच छातीत हवा उरली नव्हती. बाईंनी डोळे मिटले.

पहिल्या रांगेत मंत्री उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. ते उठले म्हणून सगळे उठले.

भाषणं संपल्यावर मंत्री थेट विंगेत आले. कुलसचिव बाईंपासून दोन पावलं लांब सरकले.

“गाणं बसवलेल्या बाई ह्याच का?”

“हो साहेब, पण त्यांचं काय ते आम्ही बघतोच.”

“बघताय काय? अहो, तीनदा कानावर आदळलं तेव्हा कुठे हे नाव माझ्या डोक्यात बसलं!” मंत्र्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “तुम्हाला म्हणून सांगतो, बाई. ती दुरुस्ती-बिरुस्ती काही नव्हती. विधानसभेत नाव घेताना माझी जीभ घसरली. चुकलं म्हणायचं कुणी? म्हणून सगळ्यांनी मिळून कायदाच बदलला. आता पुढच्या महिन्यात आणखी अकरा नावं यायचीयत. आमच्या खात्याच्या लोकांना ती अशीच चालीवर शिकवाल का?”

कुलसचिव तीन पावलं जवळ आले. “साहेब, आमच्या संगीत विभागाचा उपयोग तोच तर आहे!”

बाई पेटीच्या खोक्यावर बसल्या आणि हसू की रडू हे न कळून दोन्ही करू लागल्या. मास्तरांनी पाण्याचा पेला पुढे केला तो त्यांनी एका दमात संपवला.

पुढच्या सोमवारी संगीत विभागाच्या सतरंजीवर खात्याचे डझनभर अधिकारी मांड्या जुळवत बसले. बाईंनी सूर दिला आणि म्हणाल्या, “हं, सगळ्यांनी ‘सा’ लावा.”

बारा जणांचे बारा ‘सा’ बारा दिशांना गेले. कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्या सचिवांचा तर ऐकून खिडकीतलं कबूतर उडालं.

मास्तर पेटीवर वाकून हळूच म्हणाले, “बाई, ह्यांना सुरात आणायला जन्म जाईल हो!”

“जाऊ दे की,” बाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी पोटभर मोकळा श्वास घेतला. “चला मंडळी, पुन्हा पहिल्यापासून. घाई नाही.”