तपासणीअंती गोळीबार

मी सरळ हो म्हणालो असतो किंवा सरळ नाही म्हणालो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी म्हणालो, "आधी तपासतो."

हा नोकरीचा दोष. लिफ्टना परवाने देणाऱ्या ऑफिसात मी एकवीस वर्षं लिपिक आहे. लिफ्टमध्ये पाटी असते ना, 'लहान मुलांनी मोठ्या माणसांच्या सोबतीशिवाय लिफ्ट वापरू नये'? त्यातलं 'सोबतीशिवाय' माझं. (साहेबांनी तो शब्द मंजूर केला तेव्हा मी आठवडाभर दिसेल त्या लिफ्टमधून उगाच वर-खाली केलं होतं.)

तपासायचा होता एक व्हिडिओ गेम. कन्येला हवा होता. चित्रावर एक दाढीवाला थेट माझ्याकडे बंदूक रोखून उभा होता आणि खाली लिहिलं होतं, 'तेरा वर्षांपुढील मुलांसाठी, पालकांच्या संमतीने.' कन्येला नुकतीच तेरा वर्षं पूर्ण झाली होती. म्हणजे दाढीवाला आणि कन्या यांच्यामध्ये उभा होतो फक्त मी.

"बाबा, चौथा मजलासुद्धा खेळते!"

चौथा मजला म्हणजे कन्येची जिवलग मैत्रीण. आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायची, आम्ही सातव्यावर. गेल्या वर्षी तिच्या वडिलांची बदली झाली. आता ती दुसऱ्या गावात तळमजल्यावर राहते, पण आमच्या घरात नाव तेच राहिलं. ती गेल्यापासून आमची बडबडी पोर शाळेतून आली की दप्तर टाकून भिंतीकडे तोंड करून पडायची. फोनवर दोघींना धड बोलायला सुचायचं नाही. मला फार वाईट वाटायचं. (उपाय काही सुचत नव्हता.)

"रविवारी चार वाजता आम्ही त्या गेममध्ये भेटणार आहोत," कन्या म्हणाली. "तू हो म्हणालास तर. नाहीतर ती दुसरी जोडीदार शोधेल."

मी चित्र बायकोला दाखवलं. ती ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे.

"रक्त बघ किती आहे!"

तिने चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "एवढ्याला टाकासुद्धा लागत नाही. पण आत नेमकं काय करतात ते बघा तरी, अहो."

रविवारी तीन वाजता मी कॉम्प्युटरसमोर बसलो. कन्येने स्वतःच्याच नावाने गेम उघडून दिला, माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि शेजारी खुर्ची ओढली.

"तू बाहेर जा," मी म्हणालो. "तपासणीच्या वेळी अर्जदार हजर नसतो."

"अरे बाबा, तुला काही कळणार नाही!"

"नियम म्हणजे नियम."

पाय आपटत ती गेली. मी ऑफिसातला तपासणीचा छापील फॉर्म मांडीवर घेतला आणि मैदानात उतरलो. पहिल्या दहा मिनिटांत मी अकरा वेळा मेलो. एकदा तर दार शोधता शोधता पाण्यात पडून, कुणाच्याही मदतीशिवाय. मग धडपडत एका उंच इमारतीत शिरलो आणि समोर पाहतो तर लिफ्ट!

माझा जीव भांड्यात पडला. आता कसं, आपल्या प्रांतात आलो. मी भराभर फॉर्म भरायला घेतला. क्षमता लिहिलेली नाही. अलार्मचं बटण नाही. दार फार जोरात मिटतं. सूचनेची पाटी नाही (ही चूक मला वैयक्तिक लागली). सात दोष निघाले. गोळीबाराला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता, म्हणून तो राहिला.

इतक्यात पिवळं जाकीट घातलेला एक इसम लिफ्टमध्ये शिरला आणि माझ्यासमोर उड्या मारायला लागला. लिफ्टमध्ये उड्या! ज्यांच्याविरुद्ध मी एकवीस वर्षं परिपत्रकं काढतोय, ते हेच लोक! मी अलार्म शोधत एकामागून एक सगळी बटणं दाबली. त्यातलं एक बंदुकीचं निघालं. इसम आडवा झाला.

मला किती आनंद झाला, काय सांगू! तो परत आला, परत उड्या मारायला लागला. या वेळी मला बटण माहीत होतं. चौथ्या वेळी तर मी खुर्चीतून उठून ओरडलो, "बरी जिरवली! मार आता उड्या!"

त्या उठण्यात हेडफोनची वायर निसटली आणि कॉम्प्युटरमधून बारीक आवाज आला, "काका?"

मी मटकन खाली बसलो.

"काका, मी चौथा मजला. मी लवकर आले होते. लिफ्टमध्येच भेटायचं ठरलं होतं आमचं. मला वाटलं, तीच आहे आणि माझ्यावर रागावलीय." आवाज जरा ओला होता. "मग तुमचं ओरडणं ऐकू आलं."

दारात कन्या उभी, मागे बायको.

"बाबा, तू तिला मारलंस?" कन्येचे डोळे भरले होते.

"चार वेळा," कॉम्प्युटर प्रामाणिकपणे म्हणाला. आणि मग खुदकन हसला. कन्येलाही हसू फुटलं. आमच्या घरात वर्षभरात असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

मी खालच्या आवाजात विचारलं, "पण त्या लिफ्टमध्ये तुम्ही करणार काय होतात?"

"गच्चीवर जायचं आणि पाय सोडून बोलत बसायचं," कन्या म्हणाली. "बंदुका बाकीचे चालवतात. आम्ही इथे नाही का, लिफ्टमध्ये वर-खाली करत गप्पा मारायचो, तसं."

मारायच्याच. ते बंद करायला मीच इमारतीत लेखी नोटीस लावली होती.

निर्णय बायकोने दिला: दर रविवारी एक तास, हॉलमध्ये, आम्ही घरात असताना, आणि ओळखीच्यांशीच बोलणं. मग तिने विचारलं, "तुमच्या तपासणीत काय निघालं हो?"

मी फॉर्म बघितला. सात दोष, सातही लिफ्टचे. मी घडी करून तो खिशात घातला.

पुढच्या रविवारी साडेतीनलाच मी कॉम्प्युटरपाशी पोचलो. (देखरेखीसाठी. गेम फक्त चालू करून ठेवणार होतो.) पडद्यावर एक कागद चिकटवलेला होता, अगदी आमच्या ऑफिसच्या नमुन्यात, चौकटीसकट:

'मोठ्या माणसांनी लहान मुलांच्या सोबतीशिवाय हा गेम वापरू नये.'

'सोबतीशिवाय'खाली लाल रेघ होती. मी चार वाजेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.