गॅलनमागे त्रेचाळीस

प्रत्येक सुसंस्कृत गावाजवळ एक तरी असा आकडा असावा लागतो, ज्याच्याबद्दल सर्वांचं एकमत आहे आणि जो कुणीही तपासलेला नाही. आमच्या गावाचा आकडा त्रेचाळीस आहे. एका गॅलन पेट्रोलमध्ये त्रेचाळीस मैल.

हे आठवायचं कारण एक पत्र. ते गेल्या एप्रिलात आलं आणि अकरा महिने माझ्या टेबलावर शब्दकोशाखाली उत्तराची वाट पाहत पडलं. (पत्र दिसू नये म्हणून मी शब्दकोश उचलणंच सोडलं आणि शब्द अंदाजाने वापरू लागलो. या मजकुरातही त्याच्या खुणा सापडतील.)

आमचं टॅनब्रुक अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरात दोन मजल्यांवर वसलं आहे. वर टाउन हॉल, चर्च, मी ज्यातून निवृत्त झालो ते ग्रंथालय आणि इतर निवृत्त माणसं. नऊ मैल खाली, नदीकाठी, पोस्ट, लाकडाची वखार आणि कामाची माणसं. वर एकतीस घरं आहेत आणि चारही चाकांना ताकद पुरवणाऱ्या अठ्ठावीस आलिशान स्पोर्ट सेडान. याचं कारण शास्त्रीय आहे. बर्फ वितळू लागलं की आमच्या कच्च्या रस्त्याची खीर होते, म्हणून चारही चाकं. चिखलात रुतल्यावर माणूस दोन-दोन तास आत बसून राहतो, म्हणून गरम होणारी आलिशान सीट. स्पोर्ट कशासाठी, याबद्दल मतभेद आहेत. ‘स्पोर्ट’ लिहिलेलं बटण गावात आजवर एकदाच दाबलं गेलं, तेही कोपराने, आणि संबंधितांनी पुढच्या रविवारी चर्चबाहेर दिलगिरी व्यक्त केली.

या गाडीच्या काचेवर कारखान्याने चोवीस मैलांचा कागद चिकटवलेला असतो. तो पहिल्याच दिवशी खरवडून काढतात. बाहेरच्या माणसाने, तेही कारखान्यात बसून, आमच्या गाडीबद्दल मत द्यावं हे इथे कुणाला रुचत नाही. आमच्याकडे सगळं मतदानाने ठरतं. मार्चच्या पहिल्या मंगळवारी सारं गाव टाउन हॉलमध्ये जमतं, बर्फ काढायच्या ट्रकपासून स्मशानाच्या कुंपणापर्यंत हात वर करून निर्णय घेतं आणि मग भाजलेल्या घेवड्यावर आणि ‘मेपल पाय’ नावाच्या गोड पदार्थावर तुटून पडतं.

सहा वर्षांपूर्वी या सभेच्या विषयपत्रिकेतल्या चौदाव्या कलमात गाडीच्या मायलेजचा प्रश्न आला. लायमन टटल उभा राहिला. तो निवृत्त विमा-अधिकारी आहे, म्हणजे शब्दांची व्याप्ती कुठे संपते हे त्याला कळतं.

“मंडळी, माणूस घरून निघतो तो प्रवास,” लायमन म्हणाला. “परत येतो ते घरी येणं. घरी येण्याला कुणी प्रवास म्हणतं का?”

कुणी म्हणत नव्हतं. चौसष्ट विरुद्ध तीन मतांनी ठराव झाला (अकरा जण पायच्या रांगेत होते). गाडीच्या पडद्यावरचा मायलेजचा आकडा घरून निघताना शून्यावर आणायचा, मुक्कामी पोचताच वाचायचा, परतीचा धरायचा नाही. सकाळी वीस मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवून, खिडकीतून गाडीकडे बघत कॉफी पिण्याची इथली जी पद्धत आहे, तीही वगळली. गाडी हललीच नाही तर मैल कुठले? आणि आम्हा वरच्या लोकांचा प्रत्येक मुक्काम खाली असल्याने पहिल्याच महिन्यात गावाची सरासरी त्रेचाळीस भरली. नोंदवही माझ्याकडे आली, कारण माझं अक्षर वाचता येतं आणि मी प्रश्न विचारत नाही.

नियम सर्वांना सारखाच होता, हे मुद्दाम सांगायला हवं. खालच्या मजल्यावर अशी गाडी एकच होती. हेस्टर गुडनो, शाळेतून निवृत्त झालेल्या संगीतशिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. गाडी नवऱ्याची, तो गेल्यावर ती त्या चालवू लागल्या. दर शनिवारी चर्चच्या गायनाला वर येत, पोचताच नियमाप्रमाणे आकडा वाचत आणि मला कळवत. सतरा. सोळा. पुन्हा सतरा.

पत्र त्यांचं होतं.

“सायलस,” त्यांनी लिहिलं होतं, “तुमच्या वहीत सगळ्यांचे त्रेचाळीस आहेत आणि माझे सतरा. गाडी तीच, नियम तोच. म्हणजे दोष माझ्या पायात असणार. भाची म्हणते, गाडी सोड आणि वृद्धांच्या वसाहतीत ये. तिथे पियानो आहे म्हणे, पण कुलपात असतो. तुम्ही वही ठेवता, तुम्हाला कळत असेल. खरं सांगा, मी चालवणं बंद करू का?”

उत्तर एका ओळीचं होतं. मी त्याचे नऊ मसुदे केले. पहिल्यात डोंगराचा उल्लेख फार स्पष्ट झाला, चौथ्यात अजिबात आला नाही, नवव्यात मी हवामानाबद्दल लिहिलं. अठ्ठावीस शेजाऱ्यांचा आकडा एका पोस्टाच्या तिकिटाने खाली आणायचा अधिकार आपल्याला आहे का, हे मला ठरवता येईना. (त्यात माझाही आकडा होता. चव्वेचाळीस.)

या मंगळवारी अकराव्या कलमात गावाने हेस्टरबाईंच्या ‘सन्मानपूर्वक वाहननिवृत्ती’चा ठराव घेतला. शनिवारी त्यांनी किल्ल्या द्यायच्या, गावाने लाकडी पाटी द्यायची. त्यांना गायनाला आणण्यासाठी स्वयंसेवक मागितले, तर सव्वीस हात वर गेले. रिकामी गाडी घेऊन खाली जायचं, हा प्रवास. त्यांना घेऊन वर यायचं, हे घरी येणं. परोपकार आणि मायलेज यांचा इतका सुरेख मेळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

“काय हेस्टर, सुटलात की नाही एकदाच्या?” लायमन म्हणाला.

“सुटले बाबा,” त्या म्हणाल्या. “पंचावन्न वर्षं चालवतेय, कुठल्याच गाडीला साधं खरचटलं नाही हो. पण आकडा म्हणतो तसं.”

आणि माझ्याकडे पाहून हसल्या. वहीवाला म्हणून. मला त्या दिवशी मेपलचा पाय घशाखाली गेला नाही.

गुरुवारी मी दहावा मसुदा लिहिला. “हेस्टरबाई, तुमच्या पायाला काहीही झालेलं नाही. तुम्ही खाली राहता.” पाकीट बंद केलं आणि खाली निघालो. पोस्टासमोरच त्यांचं घर. त्या दारातला चिखल खरवडत होत्या.

“कुणाला पत्र?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला.”

“मग द्या की हातात! उभी आहे ना इथे!”

“पत्राचं उत्तर पोस्टानेच द्यावं,” मी म्हणालो. तोंडाने सांगायचं धैर्य नव्हतं, पण त्याला शिष्टाचार म्हणता आलं.

“अहो सायलस, ते इथून जाणार मोठ्या टपालघरात, तिथून शिक्का बसून परत इथे. सोमवार उजाडेल. आणि किल्ल्या शनिवारी द्यायच्यात.”

“मग सोमवारपर्यंत देऊ नका.”

त्यांनी खरवडणं थांबवलं. “गायनाला कशी येऊ?”

“चालवत या. आणि यावेळी परत जातानाही आकडा बघा.”

“परतीचा? तो कुणी बघतं का?”

“कुणी नाही,” मी म्हणालो. “म्हणूनच.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, मग माझ्यामागच्या डोंगराकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात बेसूर गाणारं मूल सापडल्यावर येत असेल तसं काहीसं हसू आलं.

टपालपेटीच्या तोंडाशी माझा हात क्षणभर अडखळला. माझ्या गाडीत त्या घटकेला पंचेचाळीस दिसत होते, आजवरचा उच्चांक. वाचकहो, तुम्ही आमच्या गावाला हसला असाल, हसावंच. पण तुमची गाडी किती देते असं पाहुण्याने विचारलं की तुम्हीही क्षणात एक आकडा सांगता, आणि तो सांगताना परतीची वाट तुम्हाला आठवत नाही. मी तुम्हाला विचारणार नाही. माझा स्वभाव नाही तो. फक्त तुमच्या डोंगराखाली कोण राहतं, तेवढं एकदा बघून या.

मी पाकीट सोडलं. आत पडल्याचा आवाज आला.