ओर्मोनबेकची नवी नजर

किर्गिझस्तानातल्या कोचकोर गावात लग्नसराई तोंडावर आली आणि पिठाच्या गिरणीवाली दामिरा ओर्मोनबेककडे येऊन बसली. ओर्मोनबेक तमादा होता. लग्नाच्या पंगतीत माइक धरून पाहुण्यांना हसतं ठेवायचं, हा त्याचा धंदा. दामिराच्या मुलाचं लग्न त्यालाच द्यायचं ठरलं होतं, पण नवं काही सुचणार नसेल तर ती बिश्केकहून दुसरा तमादा आणणार होती. "तुमचे विनोद आमच्या मेंढ्यांनाही पाठ झालेत," ती म्हणाली. या लग्नातून पत्ता कटला की सबंध मोसम हातचा जाणार, हे ओर्मोनबेकला कळत होतं.

उपाय काढला त्याच्या बायकोने, झूराने. "त्याच चार तमाद्यांत बसून काय सुचणार कपाळ! वेगळी डोकी बघा जरा."

वेगळं डोकं म्हणून हाताशी सापडला गुरांचा डॉक्टर सागिन. माणूस इतका अबोल, की गाईंनीच संकोचावं. ओर्मोनबेक आठवडाभर त्याच्यामागे गोठ्यागोठ्यांतून हिंडला. गाईचं शेपूट धरायचं आणि अखंड बडबडायचं. सागिन निमूट ऐकून घेई. आपल्याला जगाकडे बघायची नवी नजर आली, अशी ओर्मोनबेकची खात्रीच पटली आणि तेच नडलं.

लग्नात तो माइक घेऊन उभा राहिला, नवरीला नीट निरखलं आणि म्हणाला, "डोळे पाणीदार, नाक ओलसर, चाल सरळ. कळपात सोडायला हरकत नाही."

मुलीकडच्यांचे घास हातातच राहिले. सावरून घ्यायला म्हणून त्याने भर घातली, "सासूला मात्र पहिले काही दिवस वेगळं बांधा." आता दामिरानेही चहाचा पेला खाली ठेवला. मुलीचे मामा टोप्या चढवून उठायला लागले.

तेवढ्यात पंगतीत बसलेला सागिन उठला आणि त्याने ओर्मोनबेकच्या हातून माइक काढून घेतला.

"जन्म गेला गुरं तपासण्यात," तो सावकाश म्हणाला, "पण पेशंट ठणठणीत आणि तपासणारा आजारी, हे आजच पाहिलं."

मामा हसत खाली बसले. दामिरा तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. त्यानंतर माइक ओर्मोनबेकच्या हाती काही परत आला नाही आणि मोसमातली उरलेली लग्नं एकेक करून डॉक्टरकडे गेली.

ओर्मोनबेक फोनजवळ बसून राही. एका दुपारी तो वाजला. वरच्या आळीतला असान होता, घाईत.

"दादा, असाल तसे या. तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही."

ओर्मोनबेकने खुणेनेच झूराला ठेवणीतला सूट काढायला लावला.

"आणि हो, कपडे जुनेच घाला," असान म्हणाला. "गाय अडलीय. डॉक्टर लग्नात गेलाय."