हुपरीच्या कंप्युटरवरची पळती टिपणं

"आमच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, करीमभाई," रिक्षाच्या मागच्या सीटवरून धैर्यशील सर म्हणाले. "मुंगी सोडा, तिनं तोंडात काय धरलंय तेही सुटत नाही. सबंध करवीरनगरीत असा मेंदू दुसरा नाही. असता तर मला कळलं असतं."

करीमनं नुसतं हूं म्हटलं. सरांच्या एका पायात काळा बूट होता आणि दुसऱ्या पायात तपकिरी. सर जिना उतरत होते तेव्हाच त्यानं ते पाहिलं होतं. पण जगातला एवढा मोठा मेंदू आपले बूट मुद्दामच असे घालत असेल, या विचारानं तो गप्प राहिला.

सर शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर शिट्टी खुंटीला अडकवून त्यांनी भिंग घेतलं आणि मंगळवार पेठेत एका पिठाच्या गिरणीच्या वर खोली घेतली. खाली पाटी होती, 'दळण दळून मिळेल'. वर सरांनी आपली लावली, 'रहस्ये उलगडून मिळतील'. गिऱ्हाईक यायचं ते बहुतेक ज्वारी घेऊनच यायचं. तरी सरांच्या नावावर एक प्रकरण जमा होतं, एका हरवलेल्या म्हशीचं. तिचा माग काढत सर पंचगंगेच्या घाटापर्यंत गेले होते. धारेची वेळ झाली तशी म्हैस आपल्या पायांनी गोठ्यात परत आली. ती आपल्या दबावामुळे आली, असं सर सांगतात.

करीम त्यांचा सहायक कसा झाला, हे करीमलाही नीट सांगता येत नाही. एकदा सर रिक्षात बसले आणि म्हणाले, "पुढच्या रिक्षाचा पाठलाग करा, तिच्यात माझी छत्री आहे." छत्री निघाली करीमच्याच रिक्षात, सरांच्या मांडीखाली. त्या दिवसापासून सर लोकांना सांगू लागले, हा माझा सहायक. करीमनं एक-दोनदा नाही म्हणून पाहिलं. सर म्हणाले, विनय हा चांगल्या सहायकाचा गुणच असतो.

तर त्या दिवशी रिक्षा हुपरीला निघाली होती. गणपतरावांच्या चांदीच्या कारखान्यात चोरी होत होती, आणि चोरी कसली, तर टिपणांची.

कारखाना म्हणजे घराचा पुढचा सोपा. कारागीर खाली बसून पैंजणं जोडायचे. कोपऱ्यात टेबलावर कंप्युटर होता, बोट लावलं की चालणारा, मोठ्या काचेचा. तो आणला गणपतरावांची सून अनुजा हिनं. नवरा माल घेऊन परमुलखात फिरतीवर असायचा. अनुजा बी. कॉम. झालेली, पण लग्नानंतर दोन वर्षं तिचा हिशेब भाकरीच्या पिठाशीच होता. मग एके दिवशी ती सासऱ्यांना म्हणाली, मामा, ऑर्डरी भिंतीवर खडूनं लिहिता आणि पावसाळ्यात भिंत ओली होते, त्यापेक्षा मी बघते. तेव्हापासून ती त्या खुर्चीवर बसू लागली.

तिनं कंप्युटरवर बारीकसारीक सोयी करून घेतल्या होत्या, सगळ्या फुकटातल्या. एका बाजूला घड्याळ. त्याखाली चांदीचा भाव, जो आपोआप बदलायचा. त्याखाली हवामान. दर तासाला एक निळा थेंब उगवून 'पाणी प्या' म्हणायचा आणि गणपतराव घरातल्या वडीलधाऱ्यानं सांगितल्यासारखे उठून तांब्या तोंडाला लावायचे. उजव्या कडेला वरून खाली पिवळी टिपणं चिकटवलेली. एकेक टिपण म्हणजे एकेक ऑर्डर. सर्वांत घाईचं सर्वांत वर.

आणि रोज सकाळी नेमकं वरचंच टिपण नाहीसं व्हायचं.

"आता बगा पावणं," गणपतराव सरांना म्हणाले, "चंदगडच्या पोरीचं पैंजण. रात्रपाळीची नर्स हाय ती. पेशंट झोपलेलं असत्यात, घुंगरू नको म्हणून बजावून सांगितलंतं. टिपण गेलं, आणि आमच्या लोकांनी असलं घुंगरू भरलं की पोरगी वॉर्डात शिरली तर मेलेला उठून बसंल. आता तिचा बाप आज ना उद्या हितं येतोय."

"मामा, मी दुसरं करून देते म्हटलंय की त्यास्नी," अनुजा म्हणाली.

"तू दुसरं करशील. मशीन परत विसरंल. ह्ये विसरभोळं यंत्र मला घरात नको. छडा लागला तर ठीक, न्हायतर उद्या सकाळी दोरी बांधून माळ्यावर. खडू लई हाय घरात."

कंप्युटर माळ्यावर गेला की खुर्चीही गेली, आणि खुर्ची गेली की ती पुन्हा आत गेली. हे सोप्यातल्या सगळ्यांना कळत होतं. सरांना मात्र कळलं नव्हतं, कारण ते भिंग पुसत होते.

सर टेबलापाशी गेले. कंप्युटरच्या वरच्या कोपऱ्यात कुंकवाचा ओला टिळा होता. तसाच टिळा ऐरणीवर होता, हातोड्यांवर होता, तराजूवर होता. गणपतरावांच्या बायकोची, आक्कांची, रोजची पूजा. सरांनी टिळ्याला मनोभावे नमस्कार केला, त्याला धक्का लागणार नाही असे बाजूला सरकले आणि तपासाला लागले.

भिंग काचेला लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाले, "करीमभाई, लाल, हिरवा, निळा. बारीक ठिपके. तिघं आहेत."

"कोण तिघं?"

"तेच तर रहस्य आहे."

अनुजा म्हणाली, "सर, कुठल्याबी टीव्हीला भिंग लावलं तर तसंच दिसतंय."

"म्हणजे टोळी मोठी आहे," सर म्हणाले.

मग त्यांनी समोरच्या बाळासोंकडे संशयाचं बोट वळवलं. बाळासोंचाही पैंजणांचाच कारखाना. धंद्यातला वैरी, खिडकी बरोबर समोर, लांबून टिपणं पळवणं त्याला सहज शक्य. बाळासोंना बोलावलं. ते टॉवेल लावून दात घासतच आले. "मी?" ते म्हणाले. "मला माझ्या मोबाईलवरची लाईट बंद करता येईना, सकाळपास्नं खिशात उजेड हाय." खरंच होता. अनुजानं तो बंद करून दिला. बाळासो तिला आशीर्वाद देऊन गेले.

त्यानंतर सरांनी मांजराला धरलं, म्हणजे संशयात. मांजर रात्री कंप्युटरच्या उबेला बसतं हे उघड झालं. पण मांजराला घाईची ऑर्डर कोणती ते कसं कळणार, असं करीमनं विचारलं. सर म्हणाले, "शाब्बास. मी तुमची परीक्षा पाहत होतो."

"म्हणजे चोराला वाचता येतं," सर सोप्यात येरझाऱ्या घालू लागले. "रोज नेमकी घाईची ऑर्डर. त्याला माहीत आहे काय महत्त्वाचं आहे. तो घरातला आहे. आणि तो..." ते थांबले. भिंग हवामानाच्या चौकोनावर होतं. "हे काय आहे? पन्हाळा, धुकं? आपण हुपरीत आहोत. बाहेर लख्ख ऊन. मग या यंत्राला पन्हाळ्याचं धुकं कोण दाखवतंय? ज्याचं मन पन्हाळ्यावर आहे तो. या घरात पन्हाळ्याचं कोण आहे?"

सोप्यातली ठकठक बंद झाली.

"मी हाय," अनुजा म्हणाली. "माझं माहेर हाय तिथं. आईचं गुडघं दुखत्यात. धुकं पडलं की फोन करते, बाहेर पडू नको म्हणून."

"कबुली," सर म्हणाले. "स्वतःच टिपणं काढायची, कारखाना बंद पाडायचा, आणि माहेरी जायचं. साधा डाव."

गणपतरावांनी सुनेकडे पाहिलं नाही, आढ्याकडे पाहिलं. "मला तसं वाटत न्हाय," ते म्हणाले, "पर ह्या मशीनपायी घरात असलं बोलणं निघाया लागलंय न्हवं. उद्या सकाळी जाणार ते वर. संपलं." एवढ्यात निळा थेंब उगवला. गणपतराव त्या दिवशी पाणी प्यायले नाहीत.

परत जाताना करीमनं रिक्षा काढली तेव्हा अनुजा दारात आली. "करीमभाई, तुमच्या रिक्षातच मामांनी सरांचं कार्ड बघून त्यास्नी बोलावलं न्हवं?"

"व्हय वैनी."

"बरं झालं," ती म्हणाली आणि आत गेली. करीमला वाटलं, यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

वाटेत तो म्हणाला, "सर, गुन्हेगार हमखास परत गुन्ह्याच्या जागी येतो म्हणत्यात."

"मी तेच म्हणणार होतो."

"मग उद्या उजाडायच्या टायमाला आपण तिथं दबा धरून बसूया."

"मी तेही म्हणणार होतो," सर म्हणाले. पहाटे उठावं लागणार हे मात्र ते म्हणणार नव्हते, असं त्यांच्या आवाजावरून वाटलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळी दोघं हुपरीत पोचले. सर सोप्यातल्या ताडपत्रीखाली शिरले आणि म्हणाले, "हूं का चूं होणार नाही. आमच्या श्वासाचासुद्धा आवाज होत नाही." थोड्याच वेळात ताडपत्री घोरू लागली. करीम उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसला.

आधी अनुजा न्हाऊन आली. तिनं कंप्युटर सुरू केला, टिपणं नीट आहेत का बघितली आणि चहा टाकायला आत गेली. शेवटचाच दिवस, पण काम रोजच्यासारखंच. मग गणपतराव आले, हातात दोरी. ऐरणीपाशी टेकले आणि दोरीच्या गाठी सोडत बसले. मग ताट घेऊन आक्का आल्या.

आक्कांनी करीमला बघितलं. "लवकर आलायसा, बाबा. चहा हुतोय." एवढं बोलून त्या पूजेला लागल्या. बोट ओल्या कुंकवात बुडवायचं, ऐरणीला लावायचं, डोळे मिटून हात जोडायचे. बोट बुडवायचं, हातोड्याला लावायचं, डोळे मिटायचे. तराजूला लावलं. मग त्या कंप्युटरपाशी आल्या. काचेवर मधोमध अंबाबाईचा फोटो होता. देवीच्या तोंडावर डाग नको म्हणून त्यांनी बोट वरच्या उजव्या कोपऱ्यात नेलं, जिथं वरच्या टिपणाची फुली होती. टेकवलं. डोळे मिटले. हात जोडले.

टिपण गेलं. खालचं वर सरकलं.

करीम जागच्या जागी ताठ झाला. त्यानं गणपतरावांकडे पाहिलं, ते गाठीत गुंतलेले. त्यानं ताडपत्रीकडे पाहिलं. मग त्याला कळेना हे सांगायचं कसं. दुसऱ्याच्या घरातली पूजा, त्यात घरची मोठी बाई, आणि आपण रिक्षावाले. हिनं चोरी केली असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

"आक्का," तो म्हणाला, "तेवढं परत एकदा लावा की."

"कशापायी?"

"जरा कमी लागल्यागत वाटतंय. मामा, तुम्हीबी बगा."

आक्कांनी पुन्हा बोट टेकवलं. दुसरं टिपण गेलं.

गणपतरावांच्या हातातली गाठ तशीच राहिली. अनुजा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला. "आत्ती," ती सासूला म्हणाली, "हे तुम्ही रोज करता?"

"आता हत्याराला कुंकू लावायचं न्हाय तर काय करायचं? तू चालू करतीस म्हणून बरं हाय. अंधाऱ्या काचेला कसं लावायचं?"

"फुलीला बोट लागलं की ते टिपण पुसतंय," अनुजा म्हणाली. "पहिल्यांदा ते विचारायचं, पुसू का म्हणून. सारखं विचारतंय म्हणून मीच ते विचारणं बंद केलंतं."

ताडपत्री हलली. सर बाहेर आले, एका गालावर ताडपत्रीच्या रेघा. "पकडला?"

"व्हय," गणपतराव म्हणाले. "बायको हाय माझी."

सरांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "मी काल काय म्हटलं होतं? घरातलंच माणूस."

"वाचता येतंय असंबी म्हटलासा," आक्का म्हणाल्या. "ते न्हाय येत."

अनुजानं आधी गेलेली दोन टिपणं आठवून पुन्हा लिहिली. मग सगळ्यांत वर एक कोरं टिपण चिकटवलं. "हे आत्तींचं. ह्याला रोज लावू द्यात. गेलं तर गेलं."

गणपतरावांनी मान हलवली, पण दोरी काही खाली ठेवली नाही. "ते समदं खरं. पर काल म्या गल्लीभर सांगून आलोय, सकाळी मशीन वर जातंय म्हणून. बाळासो बगाया येतोय. शब्द म्हणजे शब्द."

आक्का त्या कोऱ्या टिपणाकडे बघत होत्या. "मोकळ्या कागदाला कुंकू लावत्यात व्हय? काय तर लिही की त्यावर."

"काय लिहू, आत्ती?"

आक्कांनी नवऱ्याच्या हातातल्या दोरीकडे एकदा पाहिलं. "लिही. सून हितंच बसणार. तिची खुर्ची कुणी हलवायची न्हाय."

अनुजाची बोटं थांबली. "लिहू?"

"मग मी काय कानडीत बोलले?"

तिनं लिहिलं. आक्कांनी बोट कुंकवात बुडवलं, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून टेकवलं. टिपण गेलं.

"कुठं गेलं?" गणपतरावांनी विचारलं.

"आई अंबाबाईच्या पायाशी," आक्का म्हणाल्या. "पोचलं. आता तुमचं काय म्हणणं असंल तर तुम्ही जाऊन सांगा तिला. आणि बाळासोलाबी घेऊन जावा संगं."

गणपतराव थोडा वेळ अंबाबाईच्या फोटोकडे बघत बसले. मग चहा संपवून उठले, बाहेर आले आणि रिक्षाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "करीमभाई, तुमचं टप फडफडतंय. ही दोरी घ्या. आमच्यात पडूनच हाय."

टप चांगलं घट्ट होतं. तरी करीमनं दोरी घेतली, सीटखाली कोंबली आणि मामांचं मन बदलायच्या आत रिक्षा चालू केली. सर बसले की नाही, हे त्यानं पुढच्या वळणावर पाहिलं.