काकाजींनी साठवलेलं नेट

आमचे घरमालक काकाजी इंटरनेट साठवून ठेवत. अकोल्यात आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा यायचा. त्या दिवशी काकाजी घरातलं एकूण एक भांडं भरून ठेवायचे; ड्रम, गुंड, बादल्या, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा. त्याच हिशेबानं त्यांनी नवंकोरं वायफाय घेतलं आणि बंद करून ठेवलं. राउटरवर धुतलेला रुमाल, बटणावर चिकटपट्टी.

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा मी ऑफिसच्या लॅपटॉपवर काम करायचो. खोलीत मोबाइलला रेंज नाही, म्हणून गच्चीवर, टाकीच्या आडोशाला, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. टॉवेल गळायला लागला की मीटिंगमधल्या साहेबांना वाटे, मी रडतोय.

एकदा धीर करून पासवर्ड मागितला.

"नाही भाऊ. प्रशांतसाठी भरून राहिलं ते."

"काकाजी, नेट पाण्यासारखं साठत नसतं."

"तुमी अमरावतीचे. तुमाले काय मालूम टंचाई!"

प्रशांत त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात नोकरीला. बोंडअळीनं लागोपाठच्या हंगामांत कपाशीची पऱ्हाटी खाल्ली, तेव्हा "अठी काय ठेवलं आता?" म्हणून काकाजींनीच त्याला बार्शीटाकळीच्या शेतातून हाकललं होतं. आता ते त्याची वाट बघत. सुट्टी मिळत नाही, पण घरी नेट असेल तर लॅपटॉप घेऊन महिनाभर राहीन, असं तो एकदा म्हणाला आणि काकाजी कामाला लागले. नेट घेतलं, पुढच्या खोलीत टेबलखुर्ची मांडली, खिडकीत कूलर बसवला. भाजीवाल्यालाही बजावून झालं, "प्रशांत आला का वरडाचं नाही. घरात ऑफिस राहीन."

अक्षय तृतीयेला तो येणार होता. आदल्या दिवशी काकाजी जिना चढून गच्चीवर आले. गुडघ्यांमुळे एरवी ते वर येत नसत.

"फोन आला होता त्याचा. कंपनी म्हनते, ऑफिसचा लॅपटॉप घरच्या नेटवर लावाचा नाही. नाही येऊन राहिला."

कंपनीचा नियम खरा की प्रशांतची सबब, मी विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नसावं. टाकीला टेकून ते माझ्या लॅपटॉपकडे बघत राहिले.

"तुमचाबी ऑफिसचाच हाये ना?"

"हो."

"घरच्या नेटवर चालू देतेत?"

"देतात की."

"मंग कावून उन्हात बसता? चाला खाली."

त्यांनी रुमाल काढला, चिकटपट्टी सोलली, कूलर लावला आणि मला त्या नव्या खुर्चीत बसवलं. पासवर्ड प्रशांतच्या नावाचाच होता. मी टाइप करू लागलो, तसे ते दारात उभे राहून ऐकत राहिले. मला फार वाईट वाटलं. मी उगाचच बटणं जोरात दाबू लागलो.

मग ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं भाजीवाल्याची आरोळी आली आणि पाठोपाठ काकाजींचा दबका आवाज.

"हळू ना बे! अंदर ऑफिस चालू हाये."